मैदानांचे यात्रिक

युरोपात फुटबॉलचे शोकीन एक निराळीच यात्रा करीत असतात. सामना असो वा नसो, तिकीट काढून जुने मैदान पाहावयाचे, रिकाम्या बाकांवर घटकाभर बसावयाचे, खेळाडू ज्या वाटेने मैदानात उतरतात तिच्यावरून चालून यावयाचे आणि परतावयाचे. आपल्याकडील तरुणही नोकरीनिमित्त तिकडे गेले म्हणजे हे करू लागले आहेत. वडीलधाऱ्यांना यात पैशाचा अपव्यय दिसतो. मला तसे वाटत नाही. मात्र मैदान पाहावयाचे म्हणजे नेमके काय पाहावयाचे, हे आधी ठरवावे.

इटलीत तुरीन शहरालगत सुपेर्गा नावाची टेकडी आहे. ४ मे १९४९ रोजी तोरिनो संघ लिस्बनचा सामना आटोपून विमानाने परतत असता दाट ढगांत वाट चुकून ते विमान टेकडीवरील महामंदिराच्या मागील भिंतीवर आदळले. ३१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत १८ खेळाडू होते. हा संघ ज्या फिलाडेल्फिया मैदानावर खेळे, ते पुढे ओसाड पडले, बरेचसे पाडले गेले आणि २०१७ साली सरावापुरते पुन्हा उभे राहिले. परंतु दरवर्षी ४ मे रोजी तोरिनोचे चाहते ती टेकडी चढतात आणि संघाचा कर्णधार मृतांची नावे एकेक करून वाचतो. मैदान राहिले नाही तरी नावे राखली.

आमच्या ग्वाल्हेरात याच्या उलट घडले आहे. येथे मैदान आहे, मैदानाला नाव आहे. ज्याचे ते नाव, तो मनुष्य मात्र आम्ही विसरलो. कप्तान रूपसिंग मैदान पाहावयास जो परगावचा क्रिकेटभक्त येतो, तो बहुधा एकाच दिवसासाठी येतो. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा काढल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील ते पहिले द्विशतक. (स्त्रियांत तो मान ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क यांनी १९९७ सालीच, आणि तोही मुंबईत मिळविला होता, हे त्या भक्ताला क्वचितच ठाऊक असते.) परंतु रूपसिंग कोण, असे विचारले तर आमच्या लष्करातील मुलेदेखील कोणी सेनानी असावा म्हणून मोकळी होतात.

रूपसिंग हे ध्यानचंदांचे धाकटे बंधू आणि शिंदे सरकारच्या फौजेतील कप्तान. हे मैदानही मूळचे हॉकीचेच. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला जाण्यास त्यांनी आधी नकार दिला, कारण अंगावर घालावयास धड कपडे नव्हते. मग थोरल्या भावाने पदरमोड करून ते करून दिले, असे सांगतात. त्या स्पर्धेत भारताने अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा विजय मिळविला. त्यांतील दहा गोल रूपसिंगांचे, आठ ध्यानचंदांचे. स्पर्धेत संघ तीनच होते आणि अमेरिकेचा संघ अगदी कच्चा होता, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर कौतुकाला पोकळपणा येतो. १९७७ साली ग्वाल्हेरातच त्यांचे निधन झाले.

आता शंकरपूर येथे नवे क्रिकेट मैदान झाले असून ६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि बांगलादेश यांचा सामना तेथे झाला. नव्या मैदानाबद्दल माझी तक्रार नाही. पण क्रिकेटची गर्दी तिकडे वळली म्हणजे जुन्या मैदानावर उरेल ते नावच, आणि त्या नावाची कथा मुलांना सांगण्याचे काम घराघरांतून व शाळांतून आताच झाले पाहिजे.

लष्करातील ज्या तरुणांना फुटबॉलसाठी बर्लिन गाठावयाचे आहे, त्यांनी अवश्य जावे. २००६ सालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना जेथे झाला, ते ऑलिंपिक मैदान मन भरून पाहावे. मग त्याच आवारातील हॉकीच्या मैदानाकडे वळावे. १५ ऑगस्ट १९३६ रोजी तेथे ध्यानचंद व रूपसिंग जर्मनीविरुद्ध अंतिम सामना खेळले. पावसाने मैदान ओले होते. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता. उत्तरार्धात सात झाले. जर्मनीने केलेला एक गोल हा त्या संपूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला एकमेव गोल होय. मोठ्या मैदानापासून ते पायी जाण्याइतके जवळ आहे. त्यासाठी वाट वाकडी करावी लागत नाही.