फोन कोणाला येतो, आणि कोणाकडून येत नाही

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की नालासोपारा पूर्वेच्या चाळींमधले फोन वाजू लागतात. पलीकडची व्यक्ती स्वतःला ‘काउन्सेलर’ म्हणवते. तिला मुलाचे नाव ठाऊक असते, पर्सेंटाइल ठाऊक असते आणि कधीकधी प्रवर्गही ठाऊक असतो. ती वडिलांना ‘सर’ म्हणते. बिगारी काम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, विरार लोकलला लटकून अंधेरीला हाउसकीपिंगला जाणाऱ्या बापाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सर म्हणते. मग आमंत्रण येते. रविवारी कॅम्पस बघायला या, स्टेशनवरून आमची बस आहे, जेवण आहे, मुलाला बॅग आणि टी-शर्ट आहे. शेवटी हळूच सांगितले जाते की आजच्या आज थोडे टोकन भरले तर सीट पक्की, आणि पन्नास टक्के ‘स्कॉलरशिप’सुद्धा.

हा प्रकार आपल्याकडेच चालतो असे नाही. अमेरिकेत प्रवेशाची पत्रे साधारण मार्चअखेर निघतात आणि कोणत्या कॉलेजात जायचे हे विद्यार्थ्याने १ मेपर्यंत कळवायचे, अशी रूढी आहे. मधला महिना कॉलेजांनी विद्यार्थ्यांची मनधरणी करण्याचा. निवडलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती आले याचे प्रमाण तिथे प्रतिष्ठेचे मानतात, म्हणून निवड झालेल्यांना खास दिवस ठरवून बोलावतात, वसतिगृहात राहू देतात. काही कॉलेजे गरीब घरच्या मुलांना विमानाचे तिकीटही काढून देतात. एका कॉलेजात नाव पक्के केलेल्या मुलाला १ मेनंतर दुसऱ्याने फोडू नये, असा तिथल्या प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम होता. २०१९ मध्ये सरकारच्या न्याय विभागाने तो स्पर्धेच्या आड येतो असे ठरवले आणि संघटनेला तो काढावा लागला. म्हणजे तिथेही या गोडव्याच्या मागे बाजार आहेच. फरक इतकाच की ज्याला बोलावतात त्याला प्रवेश आधीच मिळालेला असतो आणि किती मदत मिळणार हे त्याच्या हातात लेखी असते. आपल्याकडे आधी टोकन भरायचे, आणि मदतीचा कागद बहुधा कधीच येत नाही.

या फोनमागचे अर्थकारण आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातल्या बहुतेक जागा सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून भरल्या जातात. काही जागा संस्थेच्या स्वतःच्या हातात असतात. त्यांना कोणी इन्स्टिट्यूट लेव्हल म्हणते, कोणी मॅनेजमेंट कोटा. खासगी विद्यापीठांचे दुकान तर कॅपच्या बाहेरच असते. फोन येतो तो बहुधा या हातातल्या जागांसाठी. आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचे खरे नुकसान नेमके इथे होते. केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला शिष्यवृत्ती मिळत नाही. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र हातात असले, तरी नाही. राज्याने ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी दिली. तिथेही केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला प्रवेश ही अट आहे, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली आहेत. काउन्सेलर यातले काही सांगत नाही. ‘एससी आहात ना, मग महाडीबीटीवर सगळे होऊन जाते’ एवढे तो फोनवर म्हणतो. लिहून मात्र देत नाही.

हे ‘होऊन जाते’ दुसऱ्या वर्षी कळते. फॉर्म पोर्टलवर पुढे सरकत नाही. कॉलेज म्हणते समाजकल्याण खात्यात जा, खाते म्हणते प्रवेश कोणत्या कोट्यातला ते कॉलेजला विचारा. परीक्षेचा अर्ज अडवला जातो, वर्गात सगळ्यांसमोर थकबाकीदारांची नावे वाचली जातात. आमच्याकडे येणारे पालक बहुतेक या टप्प्यावर येतात. तोवर गावाकडचा जमिनीचा तुकडा किंवा आईचे डोरले गहाण पडलेले असते. ज्या मुलाने कॅपचा अर्ज भरला असता तर याहून बऱ्या कॉलेजात फीशिवाय बसला असता, तो कर्ज काढून रिकामी जागा भरायला गेलेला असतो.

आमच्यातलेच काही कार्यकर्ते यावर म्हणतात, ‘निदान खासगीवाले आम्हाला बोलावतात, बसवतात, चहा देतात. सरकारी कॉलेजच्या खिडकीवर काय मिळते? उद्या या.’ हा मुद्दा आम्ही झटकून टाकणार नाही. मानाची भूक ही खोटी भूक नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दारातून परत पाठवले त्यांच्या पोराला कोणी ‘वेलकम’ म्हटले तर ते ऐकणाऱ्याच्या पोटात कुठे जाऊन लागते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच आमची तक्रार खासगीवाल्यांपेक्षा दुसऱ्यांविषयी अधिक आहे. ज्यांनी बोलवायला हवे ते बोलवत का नाहीत?

माटुंग्याचे व्हीजेटीआय १८८७ पासून उभे आहे. तिथेच शेजारी रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पवईला आयआयटी आहे. विरारहून दादरपर्यंत रोज लाखो माणसे कामाला जातात, पण यापैकी एकाही संस्थेने नालासोपाऱ्याच्या आमच्या वस्तीत येऊन, ‘तुमच्या मुलीला इतके पर्सेंटाइल आहेत, आमच्याकडे अमुक शाखेत तिला जागा मिळू शकते, वसतिगृह आहे, या’ असे सांगितलेले आम्ही पाहिलेले नाही. त्यांना गरजच नसते. त्यांच्या जागा भरतातच. एखादा आपला विद्यार्थी वाटेत गळाला तर कोणाच्या लक्षात येत नाही.

गळणे किती सोपे आहे पाहा. २०२१ मध्ये एका दलित विद्यार्थ्याची आयआयटी मुंबईतली जागा शुल्क भरताना आलेल्या तांत्रिक अडचणीमुळे गेली. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादमधली जागा १७,५०० रुपये मुदतीत भरता न आल्यामुळे गेली. दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाने जागा मिळवून दिली. निकालांचे स्वागतच आहे. पण मुदत संपायच्या आदल्या दिवशी संस्थेतून एक फोन गेला असता, ‘तुझे पैसे आले नाहीत, काय अडचण आहे?’ एवढे विचारले असते, तर दिल्लीपर्यंत जावे लागले नसते. खासगी कॉलेजचा काउन्सेलर टोकनसाठी दिवसातून चार वेळा फोन करतो. सार्वजनिक संस्थेकडून येतो तो फक्त ओटीपी.

ज्या संस्थेला आपला विद्यार्थी खरोखर हवा असतो ती काय करते, याचे धडे याच महाराष्ट्रात आहेत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात नुसती शाळा उघडून मुलांची वाट पाहिली नाही. मूल राहणार कुठे, जेवणार काय हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह त्यातूनच उभे राहिले. कर्मवीर भाऊराव गावोगाव फिरून मुले गोळा करत आणि घेऊन येत. केळुसकर गुरुजींनी तरुण भीमरावांना सयाजीराव महाराजांपुढे नेऊन उभे केले, तेव्हा शिष्यवृत्तीचा मार्ग खुला झाला. आणि खुद्द बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा वर्ग सकाळी भरवले, कारण आपली पोरे दिवसा नोकरी करणार हे त्यांना माहीत होते. बॅग वाटली नाही, टी-शर्ट वाटला नाही. कॉलेजचे घड्याळच विद्यार्थ्याच्या घड्याळाला जुळवले. आज मुंबई विद्यापीठाच्या किती कॉलेजांनी विरारहून येणाऱ्या मुलाच्या लोकलचा विचार करून एक तास तरी पुढेमागे केला आहे?

आम्ही मागतो ते फार नाही. सीईटी कक्षाकडे प्रत्येक उमेदवाराचा मोबाइल नंबर, प्रवर्ग आणि गुण असतात. पर्याय भरायच्या आधी अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक मुलाला समाजकल्याण खात्याने मराठीत एक फोन करावा. तुझ्या गुणांवर सरकारी आणि अनुदानित कुठे संधी आहे, शिष्यवृत्ती कोणत्या जागेला आहे आणि कोणत्या जागेला नाही, वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना काय आहे, एवढे सांगावे. मुंबईत स्वाधारचे वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. वसईतल्या किती घरांना हे माहीत आहे? जे खाते सत्कार समारंभाचे फलक छापू शकते, त्याला फोन करणे जड जाऊ नये.

पण खाते जागे होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे का? वसई-विरारची आपली वस्ती बहुतांश बाहेरून आलेली. कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून. राहतो पालघर जिल्ह्यात, आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा आजोबांच्या गावच्या शाळेत. दाखला ज्या जिल्ह्याचा, वैधतेसाठी समितीही तिथली. वैधता मुदतीत आली नाही तर राखीव जागा हातची जाते आणि तोच काउन्सेलर पुन्हा दारात उभा राहतो. म्हणून हे काम जूनमध्ये सुरू करून भागत नाही, अकरावीतच सुरू व्हावे लागते. आणखी एक गोष्ट. २०२५-२६ पासून अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले तर तेच घ्यावे लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी लागले तर तेच. काउन्सेलरच्या सांगण्यावरून त्याचे कॉलेज वर टाकलेल्या मुलाला मागे फिरायला वाट उरत नाही.

टोकन भरलेच असेल तर घाबरून तिथेच राहू नका. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने ठेवून घ्यायची नाहीत, तपासून परत द्यायची, आणि प्रवेश रद्द केल्यास ठरलेल्या प्रमाणात शुल्क परत करायचे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना सांगते. ती छापून सोबत न्या, आणि एकटे जाऊ नका.

कॅपच्या फेऱ्या साधारण जुलै-ऑगस्टमध्ये होतात, म्हणजे ऐन वर्षावासात. या काळात आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालू असते, सगळी वस्ती संध्याकाळी एका ठिकाणी येते. वाचन संपल्यावर अर्धा तास दोन लॅपटॉप आणि एक प्रिंटर मांडायचा. ज्यांनी स्वतः कॅपमधून प्रवेश घेतला आहे अशा दोन-तीन मुलामुलींनी बसायचे आणि पर्याय भरण्यापूर्वी वस्तीतल्या प्रत्येक बारावी पास पोराला आपणच फोन करायचा. बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर जमणाऱ्या मंडळांकडे नंबरांच्या याद्या आहेतच. वर्गणीसाठी त्या दरवर्षी उघडतात.