गाव राखणारी रेल्वे

स्वित्झर्लंडला जाणारी आपली मंडळी बहुधा युंगफ्राऊयोखचे बर्फ पाहून, छायाचित्रे काढून परततात. त्या देशाचे ग्रामजीवन मात्र ग्राउब्युन्डेन प्रांतातील लाल मीटरगेज गाडीतून भेटते. ही ऱ्हेटियन रेल्वे १९१३ मध्ये खालच्या एंगाडिन खोऱ्यात पोहोचली. आजही अनेक लहान स्थानकांवर प्रवाशाने बटण दाबले, तरच गाडी थांबते. स्थानकावरून चढून ग्वार्डा गावात जावे. तेथील नक्षीदार भिंतींच्या घरांत रोमान्श भाषा अजून नांदते आहे. मूठभरांच्या या भाषेला १९३८ साली जनमताने राष्ट्रीय भाषेचा मान दिला. रेल्वेचे बहुतांश भागभांडवलही प्रांत आणि संघराज्य यांचेच आहे. केवळ नफ्यातोट्याच्या हिशेबाने यांतले काही टिकले नसते. गाव राखायचे, तर त्याची वाट आणि वाणी दोन्ही राखावी लागतात, हा बोध घेऊनच परतावे.