बाहुली, हजनिधी आणि धर्माचा तास

इंडोनेशियात धर्मशिक्षण प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंत सक्तीचे आहे. तिथे इस्लामी धर्मशिक्षणावर लिहिणारे अध्यापक अलीकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा सामाजिक अध्ययन सिद्धान्त आवर्जून पुढे करतात. माणूस दुसऱ्याचे पाहून शिकतो, तेव्हा शिक्षकाने आधी स्वतः तसे वागावे, हा त्यांचा बोध. मुसलमानांना यात नवे काही नाही. पैगंबरांच्या ठायी उत्तम आदर्श असल्याचे कुराणच सांगते आणि नमाजही त्यांना पाहूनच शिकला गेला. जावातल्या पेसांत्रेन या निवासी धार्मिक शाळांत कियाई, म्हणजे गुरू, आवारातच राहतात. त्यांचे पहाटेचे उठणे शिष्यांना दिसते, तसे चिडणेही दिसते.

मग बांडुरा हवेत कशाला? त्यांच्या अडचणीच्या निष्कर्षासाठी. १९६१च्या प्रयोगात मोठ्यांनी बोबो बाहुलीला बडवलेले पाहून मुलांनीही तिला बडवले. १९६५च्या प्रयोगात, मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली त्या मुलांनी अनुकरण कमी केले. मात्र पाहिलेले करून दाखवल्यास बक्षीस आहे म्हणताच तीही मागे राहिली नाहीत. धाकाने हात थांबला होता, शिकणे थांबले नव्हते.

इंडोनेशियातल्या मुलांनी काय पाहिले? २००६मध्ये एक माजी धर्मव्यवहार मंत्री, सईद अगिल अल मुनव्वर, हजनिधीच्या गैरव्यवहारात दोषी ठरले. २०१३मध्ये खासदार झुल्कर्नाएन जब्बार यांना कुराणाच्या प्रतींच्या सरकारी खरेदीतील लाचखोरीबद्दल पंधरा वर्षांची कैद झाली. २०१६मध्ये आणखी एका माजी धर्मव्यवहार मंत्र्याला, सूर्यधर्मा अली यांना, पुन्हा हजच्याच प्रकरणात शिक्षा झाली. याच काळात सरकारी वकिलांच्या खात्याने शाळाशाळांत ‘प्रामाणिकपणाची कँटीन’ काढली. गल्ल्यावर कोणी नाही, खाऊ घ्यायचा आणि पैसे आपणच डब्यात टाकायचे. अनेक कँटीन तोट्यात जाऊन बंद पडली. हजचे पैसे मोठ्यांनी खाल्ले आणि सचोटीची परीक्षा शाळकरी मुलांची!

सिद्धान्त लावायचाच, तर तो वर्गाबाहेरही लावावा. शाळेने फीचा आणि देणग्यांचा हिशेब सूचनाफलकावर लावावा. परीक्षेत कॉपीकडे डोळेझाक करणाऱ्याने प्रामाणिकपणावर प्रवचन देऊ नये. सरकारने हजचा जमाखर्च यात्रेकरूंना समजेल असा मांडावा. धर्मशिक्षणाचे मूल्यमापन इथून सुरू व्हावे. पाठांतराची परीक्षा मुले देतच आहेत.