साउंड ड्रायव्हरची झाडलोट आपल्या पोरांकडं का नको?

लोणीकरांनो, विषय थोडा तांत्रिक आहे, पण वाचा.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. शाळा-क्लासेसमधले कित्येक जुने पीसी विंडोज 11 घेतच नाहीत. त्यावर लिनक्स टाकता येतं, तेही फुकट. पण आवाज येणार का, हे ठरतं साउंड ड्रायव्हरवर. ज्याला दिसत नाही आणि जो स्क्रीन रीडर ऐकून काम करतो, त्याच्यासाठी आवाज गेला म्हणजे कॉम्प्युटरच बंद.

हे ड्रायव्हर 'अल्सा' प्रकल्पातले. 1998 ला यारोस्लाव्ह किसेला यांनी तो सुरू केला, 2002 मध्ये तो लिनक्स कर्नलमध्ये आला. म्हणजे त्यातला काही कोड आज इंजिनिअरिंगला असलेल्या पोरांपेक्षा वयानं मोठा! रियलटेक चिपची फाइलच घ्या. प्रत्येक लॅपटॉपचं वायरिंग वेगळं, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा जुगाड. असं करत करत फाइल दहा हजार ओळींच्या पुढं गेली. ताकाशी इवाई वर्षानुवर्षं हा पसारा सांभाळतायत. 2025 मध्ये 6.17 आवृत्तीत ती फाइल फोडून वेगवेगळ्या फाइलींत लावली गेली.

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" असं म्हणणारे अगदीच चूक नाहीत. कोड कंपाइल झाला म्हणजे स्पीकर वाजला असं नाही. कार्ड हातात नसताना केलेली साफसफाई एखाद्याचा आवाज घालवू शकते. पण हातच लावला नाही, तर नवा माणूस त्या कोडकडं फिरकत नाही, आणि एक दिवस सांभाळायला कुणी नाही म्हणून अख्खा ड्रायव्हरच काढून टाकतात. मला हा धोका मोठा वाटतो.

आपल्या लोणीत, हडपसरला, वाघोलीला इंजिनिअरिंगची पोरं कमी आहेत का? शेवटच्या वर्षाला मात्र तेच हजेरीचं ॲप, तेच लायब्ररी मॅनेजमेंट (बऱ्याचदा विकत आणलेलं, खोटं कशाला बोला). त्याऐवजी बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा, भंगारातलं साउंड कार्ड शोधा, त्याचा ड्रायव्हर वाचा. पाच ओळींचा बदल करा, कार्डावर वाजवून बघा, मग स्वतःच्या नावानं पॅच पाठवा. नाकारला तर का नाकारला तेही बहुतेक वेळा कळतं.

प्राध्यापक मंडळी, अशा स्वीकारलेल्या पॅचला प्रोजेक्टचे मार्क देणार का? कमेंटमध्ये सांगा.