एका फटक्याचे अंतर आणि सोफिया पोपोव्हचा धडा
(विशेष प्रतिनिधी)

पुणे – गोल्फमध्ये एका फटक्याचे मोल किती, हे भारतीयांना २०२१ मध्ये टोकिओ ऑलिंपिकच्या वेळी उमगले. अदिती अशोक अवघ्या एका फटक्याने ब्राँझपदकाला मुकली आणि हा खेळ कधीही न पाहिलेली घरेही त्या सकाळी हळहळली. मात्र हुकलेल्या एका फटक्यानंतर खेळाडूचे पुढे काय होते, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. त्यासाठी जर्मनीच्या सोफिया पोपोव्हची कारकीर्द तपासून पाहण्याजोगी आहे.

पोपोव्हचा जन्म १९९२ चा. अमेरिकेत जन्मलेली ही मुलगी जर्मनीत वाढली, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघातून खेळली आणि २०१४ मध्ये व्यावसायिक झाली. पुढची वर्षे खडतर होती. तिच्या आजाराचे निदान व्हायलाच दीर्घ काळ लागला. अखेर तो 'लाइम डिसीज' असल्याचे स्पष्ट झाले. २०१९ च्या अखेरीस एलपीजीए या जगातील प्रमुख महिला मालिकेच्या पात्रता फेरीत तिचे पूर्ण सदस्यत्व एका फटक्याने हुकले. खेळ सोडून देण्याचा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

पुढच्याच वर्षी कोरोनाने जगभरातील स्पर्धा थांबविल्या. ॲरिझोनातील 'कॅक्टस टूर' ही छोटी मालिका मात्र सुरू राहिली. बक्षिसाची रक्कम किरकोळ, प्रेक्षक नाहीत; पण स्पर्धा खरी होती. पोपोव्हने तेथे तीन स्पर्धा जिंकल्या. जुलैअखेर ओहायोतील इन्व्हरनेस क्लबवर तिने मैत्रीण ॲन व्हॅन डॅम हिची कॅडी म्हणून बॅग वाहिली. लगतच्या आठवड्यात, कोरोनामुळे अनेक जणी अनुपस्थित असल्याने, तिला एका स्पर्धेत प्रवेश मिळाला. तेथे पहिल्या दहांत आल्याने ब्रिटिश ओपनचे दार उघडले आणि २३ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडच्या रॉयल ट्रून मैदानावर तिने ती स्पर्धा दोन फटक्यांनी जिंकली. जागतिक क्रमवारीत तेव्हा ती ३०४ वी होती. 'मेजर' दर्जाची स्पर्धा जिंकणारी ती पहिलीच जर्मन महिला ठरली.

विजयानंतरही नियम आडवे आलेच. मेजर विजेतीला पाच वर्षे निर्धास्त खेळण्याची मुभा मिळते. पोपोव्ह सदस्य नसल्याने तिच्या वाट्याला ती दोनच वर्षांची येणार, असे तेव्हा जाहीर झाले. त्यानंतरच्या पुढे ढकललेल्या मेजर स्पर्धेतही तिला स्थान मिळाले नाही, कारण प्रवेशाचे निकष आधीच ठरले होते. त्यावर टीकेची झोड उठली. पुढच्याच वर्षी मात्र ती युरोपच्या सोल्हाइम करंडक संघातून खेळली आणि तो संघ जिंकला. स्थळ तेच, इन्व्हरनेस क्लब!

ही परीकथा म्हणून वाचण्यात अर्थ नाही. मूळ मुद्दा असा, की वरच्या पायरीवरून घसरलेल्या खेळाडूला पाय टेकण्यासाठी खालची पायरी शाबूत होती. संधी योगायोगाने आली, हे खरे. परंतु ती आली तेव्हा पोपोव्ह तयारीत होती.

आपल्याकडे या पायऱ्या किती भक्कम आहेत? जर्मनी हा फुटबॉलचा देश. गोल्फ तेथेही लोकांचा पहिला खेळ नाही. तरीही गुरुग्राममधील महिला इंडियन ओपन २०२२ मध्ये ऑलिव्हिया कोवान आणि २०२३ मध्ये ॲलिन क्राउटर या जर्मन खेळाडूंनी जिंकली. २०२२ मध्ये आपली अमनदीप द्राल संयुक्त दुसरी आली. ही स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय अदितीच, २०१६ मध्ये. म्हणजे गुणवत्ता आहे. वानवा आहे ती संख्येची आणि सातत्याने खेळण्याच्या संधीची.

पुण्यापुरते बोलायचे, तर येरवड्यातील पूना क्लबचे अठरा होलचे मैदान शहराच्या ऐन वस्तीत आहे. देशांतर्गत महिला व्यावसायिक मालिकेचे टप्पे तेथेही खेळले गेले आहेत आणि श्वेता गलांडेसारखी पुणेकर खेळाडू या मालिकेत उतरली आहे. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतल्यावर टोकिओला गेलेला उदयन मानेही पुण्याचाच. मात्र गोल्फ क्लब चौकातून रोज जाणाऱ्या हजारो पुणेकरांपैकी भिंतीपलीकडचे हिरवळीचे मैदान पाहिलेले किती असतील? क्लबचे सदस्यत्व, साहित्य, प्रवास, कॅडीचे मानधन हा सारा भार कुटुंबावर पडतो. मुलीच्या बाबतीत तो उचलण्याआधी घरात दोनदा विचार होतो, हे वास्तवही नाकारता येणार नाही.

म्हणूनच देशांतर्गत मालिकेचा एखादा टप्पा पुण्यात होणे ही क्रीडापानाच्या कोपऱ्यातील बातमी नव्हे. कॅक्टस टूरने पोपोव्हसाठी जे केले, तेच काम अशा स्पर्धा येथे करू शकतात. त्यांची संख्या वाढावी, शाळकरी मुलींना मैदानावर सवलतीत प्रवेश मिळावा आणि प्रायोजकांनी पहिल्या अपयशानंतर हात आखडता घेऊ नये, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये. एका फटक्याने हुकलेली मुलगी पुढच्या आठवड्यात पुन्हा कोठे खेळणार, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असायला हवे.