रोजच्या भाकरीचा हिशेब

"असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" ही म्हण एका वर्गमित्राने थट्टेने माझ्या आईला लावली, तेव्हा मला राग आला. आम्ही ख्रिस्ती. 'देव पुरवील' हे शब्द आमच्या घरात मिठाइतके रोजचे. पीठ संपले, पाऊस लांबला, वडिलांची मजुरी अडली, की आई एवढेच म्हणते आणि गुडघे टेकते. त्याला काय उत्तर द्यावे याचा विचार करताना लक्षात आले की, आईला रिकामी बसलेली मी कधी पाहिलेलीच नाही. प्रार्थनेवरून उठली की ती खुरपे घेऊन निघते.

आमच्या गावापासून केडगाव फार लांब नाही. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. भूक त्यांना पुस्तकातून समजलेली नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते, ती मुदत १८९८ मध्ये संपायची होती. पुढे काय, याला रमाबाईंचे उत्तर प्रार्थना हेच होते. पण त्याच केडगावात विहिरी खणल्या गेल्या, फळबागा लागल्या, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना सुरू झाला. त्यांचा भरवसा आणि त्यांची कुदळ वेगळी करता येत नाही.

इथवर मी मित्राशी भांडू शकतो. पुढचे भांडण माझे माझ्याशीच आहे.

गेल्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरायला पैसे नव्हते. आईने तीन रात्री प्रार्थना केली आणि चौथ्या दिवशी पैसे मिळाले. रविवारी मंदिरात (आमच्याकडे चर्चला मंदिरच म्हणतात) तिने उभे राहून साक्ष दिली की, देवाने माझ्या लेकराची फी पुरवली. सगळ्यांनी 'आमेन' म्हटले. बायकांच्या बाजूला ताई डोक्यावर पदर घेऊन खाली बघत होती. दहावीनंतर तिची शाळा सुटली. ती दुसरीच्या मशीनवर ब्लाउज शिवते. स्वतःची मशीन घ्यायला तिने पैसे साठवले होते. अर्ज त्याच पैशांतून भरला गेला.

घरी आल्यावर मी आईवर चिडलो, "ताईचं नाव का नाही घेतलंस?" आई गोंधळली. ताईच म्हणाली, "मी दिले म्हणून देवानं दिले नाहीत, असं कुठंय? तू अभ्यास कर."

ताईचे म्हणणे मला खोडता येत नाही. तरी माझे मत असे की, 'देवाने दिले' म्हणताना कोणाच्या ताटातून दिले हेही म्हणावे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागायची ती 'माझी' नव्हे, 'आमची'. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळाला तोही रोज पहाटे वेचावा लागे. आणि ज्याने फार वेचला त्याला उरला नाही, ज्याने थोडा वेचला त्याला कमी पडला नाही. आमच्या घरात मात्र एकाला पुरावे म्हणून एकीला कमी पडले, आणि ती मुलगी होती हा काही योगायोग नव्हे. हे देवाच्या नावावर घालायला माझे मन धजत नाही. आणि खरे सांगायचे तर, आईला जाब विचारणाऱ्या मीही तोवर ताईचे आभार मानले नव्हते.

आईची श्रद्धा मला सोडायची नाही. माझ्या वाट्याला आलेल्या फीची ती मला अडचणीची बाजू दाखवते, म्हणून तर नाहीच नाही.

नाताळच्या सुट्टीत मी कांद्याच्या अडतीवर हिशेबपट्ट्या लिहायला गेलो. नऊशे रुपये झाले. ताईने ते मोजून आईच्या बायबलमध्ये ठेवले आहेत. मशीनला अजून बरेच कमी आहेत.