दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्षीची वेळ आली की कुणीतरी उठतं आणि देवाने आपल्याला कसोटीतून नेऊन कसं घडवलं ते सांगतं. याला माझी हरकत नाही. झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, मी नर्स म्हणून नोकरी केली. पावसाळ्यात नाल्यापलीकडची बाळंतपणं, मे महिन्यात खांद्याला लसींचा डबा. याला देवाचं पाचारण मानलं म्हणून टिकले, नाहीतर बदलीसाठी मीही कुणाचे तरी पाय धरले असते. माझी हरकत आहे ती हीच साक्ष दुसऱ्याच्या ओसरीवर नेऊन ऐकवायला.

मुकुटबनकडच्या एका गावात पराटी बुडाली आणि घरधन्याने औषध घेतलं. काही महिन्यांनी आमच्यातला एक उत्साही भाऊ त्या बाईला सांगत होता, की या दुःखामागेही देवाची योजना आहे. ती म्हणाली, "असन बाप्पा. पन सरकारी योजनेचा लाख रुपया कवा येते, थे माहीत असन तर सांग." भाऊ गप्प झाला. आत्महत्येनंतरच्या मदतीचं तिचं प्रकरण अपात्र ठरलं होतं, कारण कर्ज बँकेचं नव्हतं, बिगरपरवान्याच्या सावकाराचं होतं. यवतमाळ जिल्ह्यात असे कागद घेऊन फिरणाऱ्या बाया कमी नाहीत.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले. शेवटी देव कोपतो तो या समजूत घालणाऱ्यांवरच, आणि तक्रार करणारा ईयोब योग्य बोलला असं सांगतो. हा भाग उपदेशात मी फारसा ऐकलेला नाही.

पंडिता रमाबाई मला जवळच्या वाटतात त्या याचसाठी. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, 1882 मध्ये, पटकीने नवरा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, कारण उपाशी पोरीचे काय हाल होतात ते त्यांच्या अंगावरून गेलं होतं. तिथून आणलेल्या शेकडो मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आधी जेवण मिळालं, मग शिक्षण, शेती, विणकाम, छापखान्याचं काम. 1921 मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, आईच्या आधी गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या होत्या, त्या बसूनच राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं. आपल्या भुकेला अर्थ होता की नाही, हे ठरवायचा हक्क त्यांचा होता. दुसऱ्याच्या भुकेपुढे त्यांनी ताट ठेवलं.

पाचारणाबद्दलही मला शंका पडायच्या. यवतमाळात 1953 साली पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि 1983 मध्ये ती पुण्याला गेली. कारणं असतील, मी दोष देत नाही. पण देव आताशा लोकांना शहरातच जास्त बोलावतो की काय, असं पोडाच्या वाटेवर पुष्कळदा मनात यायचं.

त्रास झाला म्हणजे पाचारण खरं, हेही मला पटत नाही. पूल नसल्यामुळे बाळंतीण दगावली तर तो क्रूस नव्हे. तो न झालेला पूल आहे आणि त्याचा जाब विचारायलाच हवा.

म्हणून पाळकसाहेबांना आणि साक्षीला उभं राहणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. स्वतःच्या दुःखाची साक्ष जरूर द्या, आम्ही ऐकू. पण विधवेच्या दारी जाल तेव्हा तिचं प्रकरण कुठे अडलंय ते आधी तहसिलीत विचारून या.